आकडा बाहेरच्या बाजूला

— नाही हो सर, असं नसतं. तुम्ही आलात, 'पुढचं स्प्रॉकेट बदला' म्हणालात, आणि मी पाना घेऊन गाडीखाली शिरलो — असं होत नाही इथं. डॉक्टरकडं जाऊन तुम्ही 'माझं अपेंडिक्स काढा' म्हणता का? पोट कुठं दुखतं ते सांगता. मग सांगा. आधी बसा. त्या डब्यावर नको, त्याच्या झाकणाला तेल आहे आणि तुमची पँट पांढरी — या, स्टुलावर बसा, त्याचा एक पाय आखूड आहे, जरा सांभाळून, सवय झाली की कळतही नाही. हां. तर गाडी चढणीवर ओढत नाही. बरं. कुठली चढण? पाण्याच्या टाकीची. बरं. मागं कुणी बसतं? नाही. एकट्यानंही ओढत नाही? अरे अरे. मग कुठल्या गिअरला दम सोडते? — बघा, गप्प झालात. सर, रोज गाडी चालवणारा माणूस या प्रश्नाला गप्प बसत नाही. झोपेतनं उठवून विचारलं तरी सांगेल, 'दुसऱ्यात टाकली की रडते'. तुम्ही मात्र माझ्या तोंडाकडं बघताय, गृहपाठ न केलेला पोरगा तुमच्या तोंडाकडं बघत असेल ना, तसे. — मास्तर आहात हे कसं ओळखलं? बाहीवर खडू आहे तुमच्या. काय शिकवता? गणित? वा! मग तर मजाच आहे.

व्हिडिओ पाहिलात ना? खरं सांगा. लाजू नका, हल्ली सगळेच व्हिडिओ बघून येतात, माझं काम आता फक्त नट खोलायचं आणि मान डोलवायचं राहिलंय. तर तुमच्या व्हिडिओवाल्यानं सांगितलं ते बरोबरच आहे. पुढं इंजिनाच्या बाजूला हे लहान दातेरी चाक, म्हणजे तुमचं स्प्रॉकेट, मागं चाकाला ते मोठं, मधे चेन. पुढच्याला पंधरा दात, मागच्याला बेचाळीस. भागा बघू. दोन पूर्णांक आठ — शाबास, तोंडी केलंत. आता पुढं चौदा लावले तर? तीन. म्हणजे मागचं चाक एकदा फिरायला पुढच्याला आधीपेक्षा जास्त फिरावं लागणार. गाडीची उचल वाढते, चढणीवर क्लच धरून ताटकळावं लागत नाही, सावकाश चालवली तरी झटके देत नाही. जिन्याच्या पायऱ्या बुटक्या केल्यासारखं आहे — म्हातारा माणूसही चढतो, फक्त पावलं जास्त टाकावी लागतात. म्हणजे इंजिन जास्त ओरडणार, पेट्रोल थोडं जास्त पिणार आणि वरचा वेग कमी होणार. फुकट काही मिळत नसतं, एका हातानं दिलं की दुसऱ्या हातानं काढून घेतलंच. हेच काम मागचे तीन दात वाढवूनही होतं, पण पुढचं बदलणं सोपं — झाकण काढलं, दोन बोल्ट, पंधरा मिनिटं. चौदाचं आहे माझ्याकडं, नवंकोरं. लावू?

काय म्हणालात? चौदाचं नको, तेराचं? एकदम दोन दात? — अहो सर, टाकीची चढण आहे ती, किल्ला नाही. — कुठलं? ते, भिंतीवरचं? खिळ्याला अडकवलेलं? हो, त्याच्यावर तेराच लिहिलंय, नजर चांगली आहे तुमची. ते विकायचं नाही. नाही, देवबिव नाही तो, आणि शोभेचंही नाही. ते तिथं आहे, बस. तिकडं बघू नका, इकडं बघा.

आता एक गंमत सांगतो. तुम्ही मघाशी समोर चहा सांगायला गेलात — चहा चांगला असतो त्याचा, फक्त साखर घालताना हात सैल सुटतो — तेवढ्या वेळात मी तुमची गाडी टाकीपर्यंत नेऊन आणली. रागावू नका, रुग्णाला तपासल्याशिवाय मी औषध देत नाही. हे माझं पोट बघा, नव्वद किलोचा ऐवज आहे. तो ऐवज घेऊन तुमची गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकी चढली. तिसऱ्या! वर पोचल्यावर मीच धापा टाकत होतो, तिला काही नाही. म्हणजे गाडीला दम आहे. उलट आणखी एक सांगतो. हँडलला केसांचं रबर अडकवलंय, जांभळं. आरसे असे लावलेत की मला मागच्या रस्त्याऐवजी माझंच कोपर दिसलं, म्हणजे चालवणाराची उंची इतकी, माझ्या खांद्यापर्यंत. क्लचचा दांडा आत ओढून घेतलाय, लहान बोटांना पोचावा म्हणून, आणि तोही ज्यानं ओढलाय त्यानं नीट ओढलाय, हौसेनं. सर, तुमची बोटं चांगली लांब आहेत, तुमच्या डोक्यावर जांभळं रबर लावण्याइतकं काही उरलेलं नाही — माफ करा, पण नाही उरलेलं — तेव्हा ही गाडी तुमची नाही. चोरीची आणलीत असं म्हणत नाही मी. पण तुमच्या कपाळावर घाम आला बघा. चोराच्या मनात चांदणं!

मुलीची? हं. मला वाटलंच. किती वर्षांची? एकोणीस. स्वतः शिकवण्या घेऊन गाडी घेतली? मग तर कौतुक करा तिचं. करता? करता ना, म्हणूनच लपवून आणलीत. ती कुठंय आता? मैत्रिणीकडं, पाच वाजेपर्यंत. आणि पाचच्या आत गाडी जागेवर हवी. वा सर, टाइमटेबल चोख लावलंय.

तर मग आता चढण-बिढण बाजूला ठेवू या? तुम्हाला ओढ वाढवायची नाहीये. तुम्हाला वेग कमी करायचाय. ओढ वाढवायला आलेला माणूस विचारतो, 'किती फरक पडेल?' तुम्ही आल्या आल्या दाराशी उभं राहून काय विचारलंत आठवतंय? 'तिला कळेल का?' मी ऐकलं, पण न ऐकल्यासारखं केलं. हातातला स्प्रॉकेट खोलायचा पाना तिथंच खाली ठेवला मात्र. हा बघा, अजून तिथंच आहे. तीस वर्षांच्या धंद्यात मी लाख प्रश्न ऐकलेत, पण 'तिला कळेल का' हा प्रश्न मी तुमच्याआधी फक्त एकाच माणसाच्या तोंडून ऐकलाय.

कुणाच्या? — चहा घ्या, गार होतोय.

कळणार नाही, सर. तुमच्या प्रश्नाचं उत्तर सांगतो, विचारलंत म्हणून. बराच काळ कळणार नाही. उलट ती खूश होईल. गाडी जागची अशी टुणकन उठेल की ती म्हणेल, 'बाबा, काय झकास उचलते आता!' आणि या गाडीची खुबी अशी, की हिचा वेगाचा मीटर गिअरबॉक्सवरून चालतो, पुढच्या चाकावरून नाही. म्हणजे काय झालं? तुम्ही मास्तर, सांगा. पुढं पंधराचे तेरा केले, तर मीटर ऐंशी दाखवेल तेव्हा गाडी खरोखर किती जाते? करा त्रैराशिक. ऐंशी गुणिले तेरा, भागिले पंधरा — एकोणसत्तर! एकोणसत्तर आणि वर थोडं. तिला वाटतंय आपण ऐंशीनं उडतोय, मैत्रिणींना सांगतेय ऐंशी ऐंशी, आणि तुम्ही चहाचा कप तोंडाला लावून मनातल्या मनात म्हणताय, एकोणसत्तर, बेटा. काय सुख असतं ते! घरात बसल्या बसल्या तुम्ही तिचा वेग धरून ठेवलाय आणि तिला पत्ता नाही. झोप लागते हो रात्री. खरंच लागते.

मला कसं माहीत? अहो, मेकॅनिक आहे मी, मला नाही माहीत तर कुणाला माहीत. — नाही, तसं बघू नका. बरं, बघा. बघितलंत तरी काय. हो. केलंय मी. माझ्याच लेकीच्या गाडीला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, आता कुणाला सांगायचं. तुम्हाला सांगतोय ते तुम्ही अनोळखी आहात म्हणून, आणि पाचच्या आत जाणार आहात म्हणून.

एकच लेक. याच दुकानात वाढली. दुकानामागं आमचं घर, या दारातनं आत गेलं की स्वयंपाकघर, त्यामुळं माझ्या बायकोच्या जेवणाला ग्रीसचा वास आणि माझ्या ग्रीसला फोडणीचा. पोरीला चालता येईना तेव्हापासून ती बेअरिंगच्या गोळ्यांशी खेळायची. सातव्या वर्षी कानानं सांगायची, 'बाबा, याच्या इंजिनातला टॅपेट वाजतोय.' गिऱ्हाईक हसायचं, आणि मी खोलून बघायचो तर टॅपेटच. इतकी हुशार, आणि तिला मी फसवलं — फसवलं नाही म्हणत मी, तो शब्द तिच्या आईचा आहे. मी म्हणतो काळजी घेतली. तिला बावन्न किलोमीटरवर नोकरी लागली. रोज जाऊन येऊन. सगळा हमरस्ता, ट्रक, डंपर. आणि पोरगी माझ्यासारखी, पायाखाली इंजिन आलं की हिला पंख फुटतात. पहिल्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी त्या कोपऱ्यापर्यंत जाऊन उभा राहायचो, पेट्रोल पंपाशी. आठव्या दिवशी तिनं पाहिलं मला. 'बाबा, इथं काय करताय?' म्हटलं, 'हवा खातोय.' पेट्रोल पंपावर! मग तेही बंद केलं. आणि एका रविवारी ती न्हायला गेली होती — बायकांचं केस धुणं म्हणजे पाऊण तास — तेवढ्यात झाकण काढलं, पंधराचं काढलं, तेराचं बसवलं, चेन ओढून घेतली, झाकण लावलं, हात धुतले. बाहेर आली तर मी पेपर वाचत बसलेलो. उलटा नव्हता धरलेला, एवढी अक्कल होती. म्हटलं, 'गाडीचा पिकअप वाढवून दिलाय गं.' खोटं बोललो का? सांगा, खोटं बोललो का? वाढवलाच होता ना पिकअप! जेवढं सांगितलं तेवढं शंभर टक्के खरं. फक्त अर्धंच सांगितलं.

आणि ती काय खूश! एक चक्कर मारून आली आणि माझ्या गळ्यातच पडली, हा असा तेलकट सदरा, धुतलेले केस, सगळं विसरून. 'बाबा, तुमच्या हातात जादू आहे.' तेव्हाच सांगून टाकणार होतो. पण गिळलं. मग काही दिवसांनी येऊन म्हणते, 'बाबा, गंमत बघा, आधी ऑफिस बावन्न किलोमीटर होतं, आता मीटरवर साठ होतं.' इथंच घोडं पेंड खात होतं, सर. मीटर जास्त फिरणार, म्हणजे अंतरही जास्त दाखवणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काय उत्तर दिलं असेल मी? म्हटलं, 'तू वळणं रुंद घेत असशील.' आठ किलोमीटरची वळणं! हसा, हसा तुम्ही, मीही हसतो. तीही हसली. 'असेल' म्हणाली. बापावर विश्वास ठेवणाऱ्या पोरीला काय, काहीही खपतं. तिची आई आतून म्हणाली, 'तिला विचारलं होतंत का बदलताना?' मी म्हटलं, 'तुला काय कळतंय गाडीतलं.' ती म्हणाली, 'गाडीतलं नाही विचारत मी.' आमची ही फार बोलत नाही, पण बोलली की असं.

सात महिने चाललं. सात महिने मी गाढ झोपलो. आणि मग — तुम्ही चहा संपवा, हे काही एवढं मोठं नाही. झालं एवढंच की ती एका ट्रकला ओलांडत होती. समोर रस्ता मोकळा होता, म्हणून निघाली. अर्ध्यात आली आणि समोरून बस. आता अशा वेळी काय करतात? आणखी ॲक्सिलेटर देतात आणि सुटतात पुढं. पंधराच्या स्प्रॉकेटला ती सुटली असती, सर. मी हिशेब केलाय, पुन्हा पुन्हा केलाय, आरामात सुटली असती. पण तेराच्या स्प्रॉकेटला इंजिन आधीच टोकाला पोचलेलं. मीटर म्हणतोय नव्वद, इंजिन किंचाळतंय, आणि गाडी पुढं सरकत नाही. तिनं मनाशी जे गणित मांडलं ते मीटरवर मांडलं, आणि मीटर माझा होता. कशीबशी ब्रेक मारून ती ट्रकच्या मागं आली. बस निघून गेली. फक्त आरसा गेला, उजव्या बाजूचा. तेवढाच गेला. तेवढाच.

हो, कळलं मला तुम्हाला काय म्हणायचंय. मी तिला जपायला गेलो होतो. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

तिथंच पुढच्या गॅरेजात ती आरसा लावायला थांबली. तिनं सांगितलं, गाडी वर ओढत नाही, बघा जरा. त्यानं झाकण काढलं. आता तुम्हाला आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. हे चौदाचं हातात घ्या. दिसला आकडा? कारखान्यातच ठोकलेला असतो, एका बाजूला. हे दोन्हीकडून सारखंच बसतं, उलटसुलट कसंही बसवा, गाडीला काही फरक पडत नाही. पण माझ्या उस्तादांनी पहिल्या दिवशी हाताला धरून शिकवलं होतं — आकडा नेहमी बाहेरच्या बाजूला. का? तर उद्या ज्याच्या हातात गाडी जाईल, त्यानं झाकण काढलं की त्याला दिसलं पाहिजे आपण काय बसवलंय. उस्ताद म्हणायचे, आपली सही आहे ती, सही कोण उलटी करतं? माझा हात इतका बसलाय त्यात, की डोळे बांधून दिलंत तरी बोटांना आकडा लागतो आणि तो बाहेरच येतो. त्या गॅरेजवाल्यानं झाकण काढलं तर आकडा दिसेना. खोललं. आकडा आतल्या बाजूला. तो तिला म्हणाला, 'ताई, हे चुकून झालेलं नाही. बसवणाराला माहीत होतं काय बसवतोय, आणि तुम्हाला दिसू नये असंही वाटत होतं.' चांगला मेकॅनिक असणार. मी कधी भेटलो नाही त्याला. भेटणारही नाही.

संध्याकाळी घरी आली. मी इथंच होतो, याच बाकड्याशी. माझ्यापुढं ते तेराचं ठेवलं, आकडा वर करून. ओरडली नाही. रडली नाही. ओरडली असती तर मी डबल ओरडलो असतो, बाप आहे, तेवढं जमतं. तिनं फक्त विचारलं, 'आकडा आत का होता, बाबा?' दात का कमी केले, हे नाही विचारलं बघा. ते तिला कळलंच होतं, बापाची भीती कळते पोरींना, आणि त्याला ती माफीही देऊन बसली असेल रस्त्यातच. विचारलं एवढंच, आकडा आत का.

आणि मी — मी म्हटलं, चुकून बसला असेल.

तीस वर्षांत एकदाही चुकून बसला नाही, सर. आणि हे तिला माझ्याइतकंच माहीत. पाच वर्षांची असताना तीच माझ्या हातात स्प्रॉकेट द्यायची, 'बाबा, आकडा बाहेल' म्हणत. तिच्या तोंडावर मी म्हटलं, चुकून बसला असेल. ती म्हणाली, 'बरं.' बस. 'बरं' म्हणाली आणि आत जेवायला गेली.

भांडण? छे, भांडण कुठं. भांडली असती तर बरं. तीन वर्षं झाली. आता ती तिकडंच खोली घेऊन राहते, दर शनिवारी येते. आईला काय हवं-नको बघते, माझ्या बीपीच्या गोळ्या आणते, वेळेवर घेतल्या का म्हणून रिकामी पाकिटं मोजते. हसते, बोलते, माझ्या पोटावरनं मला चिडवते. काही म्हणून कमी नाही. फक्त गाडी कोपऱ्यावर लावते. पेट्रोल पंपाशी. आणि तिथनं चालत येते. अहो, बापाचं गॅरेज आहे, आणि पोरगी गाडी दोनशे पावलं लांब लावते! पहिल्यांदा मी म्हटलं, इथं आण की, दारात जागा आहे. म्हणाली, 'राहू दे बाबा, चालायला बरं वाटतं.' मी एकदा-दोनदा पाना घेऊन सहज निघालो तिकडं, फिरायला म्हणून. ती खिडकीतनं बघते, मग उठते आणि टेबलावरची किल्ली खिशात टाकते. एवढंच. किल्ली खिशात टाकते.

आणि सर्वांत वाईट काय सांगू? मला ऐकू येतं. ती कोपऱ्यावर वळली की मला इथं बसून कळतं — गेले दोन महिने तिची चेन ढिली आहे. चांगली बोटभर. वळताना खालच्या झाकणाला लागते, टक्-टक्-टक् करत येते. अशी चेन एखाद्या दिवशी उतरली चालत्या गाडीत, मागचं चाक जाम झालं, तर — दहा मिनिटांचं काम आहे हो. दोन नट. जगभरच्या चेन आवळल्या मी, आज सकाळपासून चार आवळल्या, आणि माझ्या लेकीच्या गाडीला मला हात लावता येत नाही. हे असं आहे सगळं.

म्हणून ते तेराचं तिथं भिंतीवर टांगलंय. आकडा बाहेर करून. आता करून काय उपयोग, पण करून ठेवलंय.

— आं? काय विचारलंत?

— नाही. नंतर नाही सांगितलं. काय सांगायचं? तिला माहीतच आहे. — माहीत असणं आणि मी सांगणं वेगळं, हो, कळतंय मला, मास्तरगिरी माझ्यावर नका करू. तीन वर्षांनी उठून काय म्हणायचं, ते चुकून नव्हतं? अहो, बाप आहे मी तिचा. मी काय — लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं म्हणताय ना मनातल्या मनात? म्हणा. तोंडावर म्हणालात तरी चालेल. तुम्हाला अर्धा तास शहाणपण शिकवतोय, आणि स्वतः —

किती वाजले? चार वाजून दहा. बरं, हे बघा, तुमच्या गाडीचं सांगतो. स्प्रॉकेट मी बदलणार नाही. दुसरा कुणी बदलून देईल, त्याला तुम्ही चढणीची गोष्ट सांगाल, तो विश्वास ठेवेल, त्याला आरशात कोपर दिसणार नाही. पण माझं ऐकाल तर आज हिला अशीच घरी न्या. मघाशी तपासताना मी चेन जरा आवळली, तेल घातलं, मागच्या ब्रेकची तार ओढली, तेवढं केलंय. ते तिला सांगा. सगळं सांगा, कुणाकडं नेली होती, कशाला नेली होती तेही. रागावेल. रागावू दे. म्हणावं, मला भीती वाटते. मास्तर असून तुम्हाला भीती वाटते हे तिला कळलं तर काही आभाळ कोसळत नाही. आणि सोमवारी तिला घेऊन या इथं. तिच्यासमोर झाकण काढतो, तिच्याच हातात पंधराचं देतो, चौदाचं देतो, तिलाच दात मोजू दे आणि तिलाच ठरवू दे. चौदाचं घे म्हणाली तर चौदाचं बसवू. आकडा बाहेर करून. आणि —

थांबा.

नाही, बोलू नका. ऐका. — ऐकलंत? ती, ती टक्-टक्. कोपऱ्यावर. शनिवार ना आज, लवकर आली. पंपाशी थांबेल आता. — थांबली. आता स्टँडवर लावेल. हेल्मेट काढेल. मग दोनशे पावलं. दोनशे पावलांना तिला तीन मिनिटं लागतात, वाटेत ती समोरच्या चहावाल्याशी बोलते.

सर, तो पाना द्या इकडं. तो नव्हे, त्याच्याशेजारचा, मोठा. हां, तोच, मागच्या चाकाच्या नटाला तोच —

नको. राहू दे. ठेवा तो खाली. पाना बघितला की ती किल्ली खिशात टाकते.

तेवढा फडका द्या फक्त, हात पुसतो. तुम्ही निघा आता, सर, खरंच निघा, पाचची वेळ गाठायची आहे तुम्हाला. चहाचं राहू दे, माझ्या खात्यात सांगतो. आणि जाताना या रस्त्यानं नका जाऊ, मागच्या गल्लीनं जा — कोपऱ्यावर मला लेकीशी जरा बोलायचंय.